विकणारीच गिऱ्हाईक : थेट विक्रीचे नियम आणि गावात येणारी साखळी

चोरखमारा हे गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यातले गाव. नागझिरा अभयारण्यात शिरण्याचे एक दार इथे आहे. गावाच्याच नावाचा मोठा तलाव आहे आणि भोवताली धानाच्या बांध्या. इथल्या पैशाला ऋतू असतात. उन्हाळा लागताना मोहफूल, मे महिन्यात तेंदूपत्ता आणि दिवाळीच्या आगेमागे धान. धान आधारभूत खरेदी केंद्रावर गेले की आज ना उद्या खात्यात रक्कम पडते. त्याच सुमारास या झाडीपट्टीत गावोगावी मंडया, म्हणजे जत्रा, भरतात. दंडारीचे लोकनाट्य रंगते, लेकी-जावई येतात, घर पाहुण्यांनी भरते.

घरबसल्या कमाईचा ‘प्लॅन’ घेऊन येणाऱ्याला याहून चांगला मुहूर्त सापडणार नाही. घरात चार पैसे असतात आणि नातेवाईक एकाच ओसरीवर भेटतात. प्लॅन घेऊन येणारा बहुधा परका नसतोच. समजा, तो नात्यातला भाचा आहे. चहा झाला की तो वहीत एक गोल काढतो, त्याखाली दोन, त्याखाली चार. “मामी, आपल्याले काही विकाचं नाही. दोन माणसं जोडाची, बस. एक डावीकडं, एक उजवीकडं. बाकी आपोआप.”

हे चित्र महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात बसेल. कंपनी बदलते, डबे बदलतात. कधी प्रोटीनची पावडर, कधी चुंबकाची गादी, कधी नुसता ऑनलाइन ‘आयडी’. वहीतले गोल मात्र तेच राहतात. या गोलांना कायदा काय म्हणतो, सरकारने त्यांच्यासाठी कोणते नियम केले आणि त्या नियमांत मामीची जागा कुठे आहे, हे या प्रकरणात पाहू.

पैसा कोणाच्या खिशातून येतो

थेट विक्री म्हणजे दुकान टाळून माल माणसामार्फत घरी विकणे. हा धंदा मुळात वाईट नाही. १९८२ मध्ये सुरू झालेल्या युरेका फोर्ब्सचे टाय लावलेले विक्रेते दारोदार व्हॅक्यूम क्लीनर दाखवत फिरायचे. मोदीकेअर, टपरवेअर, ॲमवे ही नावे १९९६ ते १९९८ या काळात भारतीय घरांत शिरली. विक्रेत्याला विकलेल्या मालावर कमिशन मिळत असेल, तर तो व्यापारच झाला.

घरबसल्या कमाईचे महाराष्ट्राचे सर्वांत मोठे उदाहरण वेगळ्याच जातीचे आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून ‘श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड’ उभा राहिला. तिथे बाई घरी पापड लाटते, संस्था तो विकते आणि पैसा पापड खाणाऱ्याच्या खिशातून येतो. नवी बाई कामाला आली म्हणून जुन्या बाईची मजुरी वाढत नाही. उलट, बाहेर पापड खाणारेच उरले नाहीत तर कितीही बायका जोडल्या तरी कोणाला दमडी मिळणार नाही.

भाच्याच्या वहीत हा बाहेरचा खाणारा कुठेच नाही. मामीने भरलेल्या रकमेतला वाटा भाच्याला, त्याच्या वरच्याला आणि त्याच्याही वरच्याला जातो. मामीचे पैसे फिटायचे तर तिने नणंदेला आणि जावेला जोडले पाहिजे. माल असतो, पण बऱ्याचदा तो पावतीपुरता. म्हणून कुठलाही प्लॅन समोर आला की पहिला प्रश्न हाच करावा : साखळीत नसलेला, नुसता वापरायला माल घेणारा माणूस यात आहे का, आणि या भावाला तो घेईल का?

गोंदिया जिल्हा पुरत नाही

वहीतले गोल किती खोल जातात ते करून पाहू. एकाने सहा जण जोडायचे, त्या प्रत्येकाने आणखी सहा. पहिल्या फळीत ६, दुसरीत ३६, तिसरीत २१६, चौथीत १,२९६, पाचवीत ७,७७६, सहावीत ४६,६५६, सातवीत २,७९,९३६. आठव्या फळीला १६,७९,६१६ माणसे लागतील. २०११ च्या जनगणनेत गोंदिया जिल्ह्याची लोकसंख्या १३,२२,५०७ होती. पाळण्यातल्या बाळापासून काठी टेकणाऱ्या आजोबांपर्यंत सगळे सभासद केले, तरी आठवी फळी भरत नाही.

‘फक्त दोनच जोडा’ हा प्लॅन सौम्य वाटतो. त्यात विसाव्या फळीला १०,४८,५७६ माणसे लागतात आणि एकूण बेरीज वीस लाखांच्या पुढे जाते. म्हणजे जिल्हा विसाव्या फळीतच संपतो. वेळ जरा जास्त लागतो, एवढाच फरक.

यातली खरी गोम शेवटच्या फळीत आहे. सहाच्या साखळीत ती कुठेही थांबवा, दर सहा माणसांपैकी पाच जण सर्वांत खालच्या फळीत असतात. दोनच्या साखळीत निम्म्याहून अधिक. त्यांच्याखाली कोणीच नसते. सेमिनारमध्ये सांगतात की जो मेहनत करेल तो वर जाईल. पण खालच्या फळीतल्या पाचांनी कितीही पाय झिजवले तरी जोडायला माणूसच उरलेला नसतो. त्यांचे अपयश आळसातून आलेले नसते, गुणाकारातून आलेले असते. साखळीच्या माथ्यावर बसलेल्याला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असते.

१९७८ चा कायदा

हा गुणाकार सरकारच्या लक्षात पन्नास वर्षांपूर्वीच आला होता. रिझर्व्ह बँकेने जेम्स राज यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या अभ्यासगटाने सत्तरच्या दशकात अशा योजनांवर बंदीची शिफारस केली. त्यातून बक्षीस चिठ्ठी आणि पैसा फिरवण्याच्या योजनांवर बंदी घालणारा १९७८ चा केंद्रीय कायदा आला. झटपट किंवा सहज पैसा मिळवून देण्याची योजना, किंवा सभासद भरती होण्यावर पैसे देण्याचे वचन देऊन रक्कम घेणे, हे त्यात गुन्हा ठरले. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. १९७८ मध्ये पाच हजार ही मोठी रक्कम होती. कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्याला आज तो दंड सेमिनारच्या हॉलच्या भाड्यात निघेल.

कायदा फिरत्या पैशासाठी होता. नंतर आलेल्या कंपन्यांनी मध्ये माल ठेवला, आणि माल असला की व्यापार म्हणायचा की साखळी, हा वाद सुरू झाला. २००७ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने ॲमवेच्या प्रकरणात सांगितले की खाली माणसे जोडली जातात तसा वरच्याला सहज पैसा मिळतो, त्यामुळे ही योजना १९७८ च्या कायद्याच्या कक्षेत येते. पुढे कंपनीच्या भारतातल्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला २०१३ मध्ये केरळ पोलिसांनी आणि २०१४ मध्ये आंध्र प्रदेश पोलिसांनी अटक केली. एप्रिल २०२२ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने कंपनीची ७५७ कोटींहून अधिक किमतीची मालमत्ता तात्पुरती जप्त केली. तपासाला आपण सहकार्य करत आलो आहोत, असे कंपनीचे म्हणणे होते.

महाराष्ट्रात दोन प्रकरणे गाजली. पहिले २०११ चे, स्पीक एशियाचे. ११,००० रुपये भरून वर्षाचे सभासद व्हायचे आणि आठवड्याला दोन ऑनलाइन सर्व्हे भरायचे. प्रत्येक सर्व्हेला ५०० रुपये, म्हणजे वर्षाला ५२,००० रुपये. नवा सभासद आणला तर त्याचे वेगळे. ११,००० घेऊन ५२,००० द्यायचे तर वरचे ४१,००० कोणीतरी बाहेरून आणून दिले पाहिजेत. ज्या बड्या कंपन्या हे सर्व्हे करून घेतात असे सांगितले जाई, त्यांतल्या काहींनी आपला संबंध नसल्याचे जाहीर केले. मग मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेचा तपास सुरू झाला. देशभरातले लाखो सभासद अडकले होते.

दुसरे क्यूनेट या कंपनीचे. २०१३ मध्ये मुंबईत गुन्हा दाखल झाला. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या प्रकरणातल्या काही आरोपींचे अटकपूर्व जामिनाचे अर्ज फेटाळताना योजनेच्या पद्धतीवर कडक शब्दांत ताशेरे ओढले. कंपनी मात्र आपण कायदेशीर थेट विक्री करतो असेच म्हणत आली.

दोन्ही प्रकरणांत पोलीस दारात आले तेव्हा साखळी देशभर पसरलेली होती. फौजदारी कायदा घर जळाल्यावर येतो. म्हणून आधीच आखून दिलेले नियम हवेत, अशी मागणी दोन्ही बाजूंनी होऊ लागली. फसलेल्या लोकांना संरक्षण हवे होते आणि प्रामाणिक कंपन्यांना आपण वेगळे आहोत हे दाखवायचे होते.

मार्गदर्शक सूचना ते नियम

२०१६ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने थेट विक्रीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सभासद होण्यासाठी प्रवेशशुल्क घ्यायचे नाही, नुसती माणसे जोडल्याबद्दल मोबदला द्यायचा नाही, न खपलेला विक्रीयोग्य माल परत घेण्याची सोय ठेवायची, अशा त्या होत्या. पण त्या राज्यांना दिलेला सल्ला होत्या. ॲमेझॉन आणि ॲमवे यांच्या वादात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने जानेवारी २०२० मध्ये हेच स्पष्ट केले : सूचना म्हणजे कायदा नव्हे.

दरम्यान ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आला आणि त्यात थेट विक्रीची व्याख्या झाली. त्याच्या आधारे २०२१ मध्ये आधी मसुदा आणि मग २८ डिसेंबरला ‘ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियम’ जाहीर झाले. कंपन्यांना पालनासाठी ९० दिवस मिळाले. पिरॅमिड योजना, म्हणजे वहीतल्या गोलांसारखी साखळी, चालवायला आणि थेट विक्रीच्या नावाखाली पैसा फिरवायला त्यांत साफ मनाई आहे.

हे नियम चोरखमाऱ्याच्या एखाद्या उंबऱ्यावर ठेवून पाहिले की त्यांचा अर्थ नीट कळतो. मामी आता डबे घेऊन शेजारच्या वहिनींकडे निघाली आहे. नियमानुसार कंपनीशी तिचा लेखी करार झालेला हवा. तिच्याकडे ओळखपत्र हवे. वहिनींची वेळ आधी ठरवून घेतलेली हवी. दारात उभे राहताच, कोणी विचारायची वाट न पाहता, आपण कोण, कोणत्या कंपनीतर्फे आलो आणि काय विकायला आलो हे तिने सांगायला हवे. किंमत, परतीची आणि पैसे परत मिळण्याची अट, हमी, सगळे सांगायला हवे. “तुम्ही अजून दोघींना आणा, तुमचे पैसे सुटतील” असे सांगून माल गळ्यात मारायला बंदी आहे. मामीने विकलेल्या मालाच्या तक्रारीला कंपनी जबाबदार आहे. कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय भारतात हवे आणि तक्रार निवारण अधिकारी हवा. त्याने ४८ कामकाजाच्या तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचे. राज्य सरकारांनी या कंपन्यांवर देखरेखीची यंत्रणा उभारायची आहे.

चुलीशेजारी गप्पा मारत होणारी विक्री आठवली की ओळखपत्र आणि आगाऊ वेळ हे जरा विनोदी वाटते. शेजारणीकडे जाताना गळ्यात कार्ड घालून कोण जाते? तरी नियमांचा रोख चांगला आहे. त्यांनी वहिनींची काळजी घेतली आहे. मामीची कोणी घेतली?

मामीचा हिशेब

सहा महिन्यांनी मामीची वही उघडू. आकडे नमुन्याचे आहेत, पण हिशेबाची रीत खरी आहे. जॉइनिंगचे पॅकेज ६,००० रुपये. ‘आयडी ॲक्टिव्ह’ ठेवायला दरमहा १,५०० चा माल, म्हणजे ९,०००. तिरोड्याला आणि गोंदियाला सेमिनार, तिकीट, चहापाणी १,२००. एकूण १६,२०० गेले. आले किती? दोन माणसे जोडल्याचे १,२०० आणि विकलेल्या मालाचे ४,०००. म्हणजे ११,००० रुपये खोट, आणि उरलेले डबे फडताळात.

कंपनीच्या खात्यात मात्र ही १५,००० रुपयांची विक्री आहे. माल गेला, पैसे आले, जीएसटी भरला. कागदोपत्री पाहणाऱ्याला हा चोख व्यापार दिसतो, कारण विकत घेणारी आणि विकणारी एकच बाई आहे हे पावतीवर दिसत नाही. या धंद्यात लुटले जाणारे गिऱ्हाईक दाराच्या आत बसलेले नसते. ते डब्यांची पिशवी घेऊन दाराबाहेर उभे असते.

ग्राहक कायद्याची अडचणही इथेच आहे. फेरविक्रीसाठी माल घेणारा कायद्याच्या व्याख्येत ग्राहक ठरत नाही. स्वयंरोजगारासाठी वस्तू घेऊन स्वतः वापरणाऱ्याला सवलत आहे, पण ‘मी विकायलाच घेतला’ म्हणणाऱ्या मामीला आपण ग्राहक आहोत हे आधी सिद्ध करावे लागेल. करारातून बाहेर पडण्यासाठी नियमांत विचार बदलण्याच्या मुदतीची व्याख्या आहे. ती किती दिवसांची, हा आकडा मात्र नियमात नाही. आणि भाच्याने ओसरीवर दिलेल्या ‘महिना पन्नास हजार’च्या आश्वासनाला पुरावा मागणारी तरतूद कुठे आहे? आमच्या सभासदांना सरासरी किती मिळते आणि किती जणांना काहीच मिळत नाही, हे जॉइनिंगआधी लेखी द्या, अशी सक्ती या नियमांनी केलेली नाही.

अमेरिकेत काय झाले

हा प्रश्न अमेरिकेत आधीच उभा राहिला होता. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने एप्रिल २००६ मध्ये घरबसल्या धंद्याच्या संधी विकणाऱ्यांसाठी नियम प्रस्तावित केला. पैसे घेण्याच्या सात दिवस आधी माहितीपत्रक द्यायचे, कमाईचा दावा केला तर त्याचा आधार दाखवायचा, आधीच्या गिऱ्हाइकांचे संदर्भ द्यायचे. थेट विक्रीवाल्यांनी गदारोळ केला आणि आयोगाकडे सतरा हजारांहून अधिक अभिप्राय आले. २००८ च्या सुधारित प्रस्तावातून बहुस्तरीय विक्री, म्हणजे साखळीने चालणारी थेट विक्री, वगळली गेली. मार्च २०१२ पासून लागू झालेल्या नियमात सात दिवस आणि एकपानी पत्रक राहिले, पण ज्यांच्यासाठी ते सर्वांत गरजेचे होते, ती मंडळी बाहेरच राहिली.

मग आयोगाला एकेका कंपनीच्या मागे लागावे लागले. २०१६ मध्ये हर्बालाइफ या बहुस्तरीय विक्रीच्या कंपनीने २० कोटी डॉलर भरून आयोगाशी तडजोड केली. विक्रेत्यांच्या मोबदल्यातला किमान दोन तृतीयांश भाग नोंद ठेवलेल्या किरकोळ विक्रीतून आला पाहिजे, ही अट तिला मान्य करावी लागली. सभासदाने स्वतःसाठी केलेली खरेदी एक तृतीयांशापुढे मोजायची नाही. मामीच्या फडताळातल्या डब्यांना हिशेबातून बाहेर काढणारी ही अट आहे. जानेवारी २०२५ मध्ये आयोगाने बहुस्तरीय विक्रीतल्या कमाईच्या दाव्यांसाठी वेगळा नियम पुन्हा प्रस्तावित केला. सोडून दिलेल्या मुद्द्यावर यायला जवळपास वीस वर्षे गेली.

चीनने दुसरे टोक गाठले. १९९८ मध्ये थेट विक्रीवर सरसकट बंदी घातली. २००५ मध्ये परवाना देऊन ती पुन्हा खुली केली, पण साखळीवरची बंदी ठेवली. बंदी असूनही तिथे साखळ्या चालूच राहिल्या. बंदीने साखळी दिसेनाशी होते, संपत नाही.

आपल्याला हवे काय

यातून आपल्या नियमांना काय जोडायला हवे ते उघड आहे. एक, सभासद करण्याआधी एकपानी मराठी पत्रक : गेल्या वर्षी एकूण सभासद किती, त्यातल्या किती जणांना खर्च वजा जाता काही उरले, मधले माणूस किती कमावते. दोन, पत्रक दिल्यावर सात दिवस पैसे घ्यायला बंदी. मंडईचा उत्साह ओसरायला सात दिवस पुरेसे आहेत. तीन, मोबदला साखळीबाहेरच्या विक्रीवर मोजायचा. चार, न खपलेला माल परत घेण्याची सक्ती, मार्गदर्शक सूचनेतून उचलून नियमात. प्रामाणिकपणे माल विकणाऱ्या कंपनीला यातले काहीही जड जाणार नाही. ज्याला जड जाईल त्याचा धंदा कशावर चालतो, ते त्यातूनच कळेल.

हे होईपर्यंत बचत गटाच्या बैठकीत करता येण्यासारखे बरेच आहे. प्लॅन घेऊन येणारा सख्खा भाचा असला तरी त्याच्याकडे तीन कागद मागा : कंपनीशी झालेला लेखी करार, माल परत घेण्याची अट आणि त्याचे स्वतःचे बँकेचे सहा महिन्यांचे पासबुक. वहीतले गोल कोणीही काढतो, पासबुक दाखवायची वेळ आली की बोलणे आवरते होते. गटाचे कर्ज जॉइनिंगसाठी द्यायचे नाही, असा ठराव गटाने करून ठेवावा. फसवणूक झालीच तर पावत्या, मेसेज, सेमिनारचे व्हिडिओ जपून ठेवावेत आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन करावा. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क लागत नाही. उघड पैसा फिरवण्याचा प्रकार असेल तर थेट पोलीस ठाणे गाठावे. १९७८ चा कायदा अजून जिवंत आहे.

आणि लाज बाळगू नये. आपणच नणंदेला जोडले, आता तक्रार कशी करायची, या संकोचावर साखळी सर्वांत जास्त दिवस टिकते. ज्याने आधी तोंड उघडले, त्याने आपल्या खालच्या फळीतल्या माणसांचे पैसे वाचवले.